प्लॉट आजारी पडेना

त्या वर्षी माझ्या गव्हाला रोग येईना, आणि जो तो माझं अभिनंदन करत सुटला.

संचालकांनी सकाळच्या फेरीत गाडी थांबवली, काच खाली केली आणि म्हणाले, "वा मॅडम, काय हिरवागार ठेवलाय प्लॉट!" त्यांच्या ड्रायव्हरनेही मान डोलावली. टपाल विभागातला कारकून, जो एरवी खुर्चीतून उठत नाही, तो जेवणाच्या सुट्टीत बांधापर्यंत चालत आला आणि म्हणाला, "यंदा नाव काढलंत." मी सगळ्यांना हसून "हो ना" म्हणत होते आणि आतल्या आत दातओठ खात होते. कारण गहू निरोगी ठेवणं हे माझं कामच नाही. गव्हाला आजारी पाडणं हे माझं काम आहे.

हे जरा नीट सांगते, नाहीतर तुम्हीही अभिनंदन कराल.

गव्हावर तांबेरा पडतो. पानांवर नारिंगी पुटकुळ्या येतात, बोट लावलं की बोटाला गंजासारखी भुकटी लागते, आणि रोगाने जोर धरला की ओंबीतले दाणे भरतच नाहीत. ज्या गव्हावर तांबेरा पडत नाही असा गहू शोधायचा, हे आमचं काम. पण पडत नाही हे कळणार कसं? आधी आजूबाजूला तो धो धो पडलेला असला पाहिजे. म्हणून दर चार ओळींनंतर आम्ही एक ओळ अशा गव्हाची पेरतो, की ज्याला तांबेरा नुसता बघून गेला तरी होतो. त्या ओळीवर मी संध्याकाळी, दव पडायच्या बेताला, माझ्या हाताने रोगाची भुकटी पाण्यात कालवून फवारते. दोन आठवड्यांत ती ओळ नारिंगी होते, वारा तिचा रोग शेजारीपाजारी नेतो, आणि कोण टिकतं, कोण लोळतं ते उघड्यावर येतं. मग मी प्रत्येक वाणाला शून्य ते नऊ असे गुण देते. शून्य म्हणजे पान स्वच्छ, नऊ म्हणजे गेला कामातून. कागदावर त्या ओळीला लांबलचक नाव आहे. आम्ही तिला रोगाची ओळ म्हणतो. रोगाची ओळच धडधाकट राहिली तर बाकीच्यांच्या निरोगी असण्याला काडीचा अर्थ नाही. परीक्षा घेतलीच नाही आणि वर्ग पास झाला म्हणून कोणी मास्तरांना हार घालतं का? मला घालत होते.

यातला अठ्ठेचाळीस नंबर हा माझा जीव की प्राण. नाव नाही, नुसता नंबर, कारण नाव पास झाल्यावर मिळतं. अख्ख्या प्लॉटमध्ये बिनकुसळाच्या ओंबीचा हा एकटाच. तळहातावर घेतली तर ओंबी टोचत नाही. सहा वर्षं मी त्याला तांबेऱ्यात बुडवून काढलं होतं आणि सहाही वर्षं त्याने शून्य नाहीतर एक गुण घेतला होता. सातवं वर्ष शेवटचं. समिती येणार, रोगाने माखलेल्या प्लॉटमध्ये अठ्ठेचाळीस ताठ उभा आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणार, आणि मग तो चाळीस शेतकऱ्यांच्या शेतात जाणार. मुख्य कार्यालयाचं पत्र आलं होतं, तेही सरळ होतं. यंदा निकाल द्या, नाहीतर प्लॉट बियाणे विभागाकडे वर्ग करण्यात येईल. वर्ग करण्यात येईल! जणू काही खुर्ची एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ठेवायची होती.

आणि रोग येईना.

पहिली फवारणी केली तेव्हा अकराव्या दिवशी रस्त्याकडच्या ओळीवर चार ठिपके दिसले. मी खूश झाले. पंधराव्या दिवशी ते ठिपके काळपट पडून मेले. मी दुसऱ्यांदा फवारलं. काही नाही. तिसऱ्यांदा फवारलं, तेही गुडघ्यावर बसून, एकेक ओळ, कंबरेचा काटा ढिला होईपर्यंत. तरी गहू आपला टवटवीत. मी हवामानाला शिव्या दिल्या. मग बियाण्यावर संशय घेतला, मग पाण्यावर. प्रयोगशाळेतल्या फ्रीजचा प्लग रात्रीत कोणी काढून मोबाइल लावतं का, म्हणून त्यावर चिकटपट्टी मारून खाली माझी सही केली. मुकादमाला दिवसातून तीनदा विचारत होते, "पाणी जास्त दिलं का? कमी दिलं का? कोणी काही केलं का?" मुकादम याच वर्षी बियाणे विभागातून माझ्याकडे आलेला होता. तो प्रत्येक वेळी "सगळं व्यवस्थित आहे मॅडम," म्हणायचा. सगळं व्यवस्थित आहे हेच तर माझं दुखणं होतं, पण हे त्याला कसं सांगायचं!

घरी गेलं की तिथे बाबा.

बाबा छत्तीस वर्षं नगरपालिकेच्या बागेत मुख्य माळी होते. दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर ते माझ्या धाकट्या भावाकडे राहिले. त्याच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत त्यांनी एकेचाळीस कुंड्या जमवल्या. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या चादरींवर तिसऱ्यांदा चिखलाचं पाणी पडलं, तेव्हा भावाचा मला फोन आला. "ताई, तुझ्याकडे कसं, जमीन आहे." म्हणून यंदा बाबा संशोधन केंद्राच्या वसाहतीत माझ्या दोन खोल्यांत राहायला आले. कुंड्यांपैकी नऊ बरोबर आणल्या.

बाबांवर माझं प्रेम आहे हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे गैरसमज नको. पण बाबा म्हणजे डोक्याला ताप. शेजाऱ्यांचं कुंपण त्यांनी न विचारता छाटलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतली माझी मिरचीची झाडं उपटली, कारण "त्यांचं काही खरं नव्हतं." पहाटे पाचला उठायचं, डोक्यावर टोपी, खिशात कात्री, आणि फिरायला. सातला परत येऊन चहा करायचा, इतका कडक की चमचा उभा राहील. मला वाटायचं, बरंय, पाय मोकळे होतात. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात जेवताना त्यांनी विचारलं होतं, "ठकू, तू तिथे नेमकं करतेस तरी काय?" मी दिवसभर बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना हेच समजावून आले होते. घसा बसला होता. मी म्हटलं, "गहू बघते." ते म्हणाले, "बरं." विषय संपला.

समिती यायला तीन दिवस राहिले तेव्हा मी शेवटचा उपाय केला. रोगाच्या ओळीतलंच बी पाच कुंड्यांत पेरून प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात ठेवलं होतं. तिसऱ्या फवारणीच्या दिवशी त्यांच्यावरही तीच भुकटी टाकली होती. त्या कुंड्या नारिंगी झाल्या. नुसत्या नारिंगी नाही, हात लावावा तर हळदीच्या डब्यात घातल्यासारखा. म्हणजे भुकटी जिवंत, बी बरोबर, हवा बरोबर. मग शेतात काय मेलं? मी शेतातल्या ओळीचं पान आणि कुंडीतलं पान, दोन्ही ओल्या कागदावर काचेच्या ताटलीत ठेवली, दोन्हींवर तीच भुकटी टाकली आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. कुंडीतल्या पानावर एकूण एक कण रुजला होता. शेतातल्या पानावर एकही नाही.

पानावर औषध होतं. माझ्या रोगाच्या ओळीवर कोणीतरी बुरशीनाशक मारत होतं.

मी जी निघाले ती तडक औजारांच्या खोलीत. मुकादम दोऱ्या गुंडाळत बसला होता.

"पाठीवरचा पंप कोण वापरतंय?"

"कोण म्हणजे? तुमचेच बाबा की."

मी पंपाचं झाकण काढून वास घेतला.

"मॅडम, मला वाटलं तुम्हीच पाठवलंय. वडील आहेत तुमचे. पहाटे यायचे, दर दहा-बारा दिवसांनी. काय हात आहे हो त्यांचा! एक थेंब वाया नाही. मी म्हटलं, मॅडमचा कोणावर विश्वास नाही, म्हणून घरचं माणूस लावलंय."

"मी तुम्हाला रोज विचारत होते ना, कोणी काही केलं का म्हणून!"

"पण त्यांनी 'काही' कुठे केलं? औषध मारलं. रोगट ओळीला औषध मारायचं नाही, हे कोणी सांगितलं होतं?"

"भिंतीवर सूचना लावलीय!"

दोघांनी भिंतीकडे बघितलं. दोन पानी सूचना होती, बारीक टाइपात, माझ्याच सहीची. तिच्यावर कोणीतरी टोपी अडकवली होती.

मी घरी कशी पोचले मला आठवत नाही. बाबा दारात बसून कुंडीतली माती भुसभुशीत करत होते. मला अवेळी आलेली बघून म्हणाले, "बरं नाही का?"

"बाबा, तुम्ही माझ्या प्लॉटवर औषध मारता?"

आणि हा माणूस लाजला. खरंच सांगते, गुपचूप केलेलं चांगलं काम उघडकीला आल्यावर माणूस लाजतो तसा लाजला. "कळलं का? अगं, ती समितीची माणसं येऊन गेली की सांगणार होतो. त्या पहिल्या ओळीवर तांबेरा धरत होता, रस्त्याच्या अगदी कडेला. तो साहेबांचा ड्रायव्हर दुसऱ्याला म्हणत होता, रोगांच्या डॉक्टरीणबाई, आणि त्यांच्याच शेताला रोग. हसत होते दोघं. म्हटलं, माझ्या लेकीला हसतात? चार दिवसांत साफ केला. मधूनमधून डोकं वर काढत होता, पण मी काही सोडला नाही."

"बाबा, तो रोग मी लावला होता!"

"तू?"

"मी! माझ्या हाताने! तीनदा! सात वर्षं मी तेच करतेय, त्याच्याच पगारावर आपण जेवतोय!"

"रोग कोणी लावतं का, ठकू?"

मग मी जी सुटले ती सुटले. परीक्षा, समिती, पत्र, अठ्ठेचाळीस नंबर, सगळं एका दमात, आणि तेही उभ्याने. वसाहतीतल्या दोन खिडक्या उघडल्या, मी पर्वा केली नाही. शेवटी म्हटलं, "तुम्हाला कुठली गोष्ट आहे तशी सोडून देता येत नाही का? दिसलं पान की उपट, दिसली फांदी की काप! भावाने उगाच नाही पाठवलं तुम्हाला!"

हे बोलायला नको होतं. बोलले.

बाबांनी हातातली खुरपी मातीत खोचून ठेवली. "तुझी आई सहा महिने वाळत चालली होती," ते म्हणाले. "मला दिसत होतं. रोज दिसत होतं. म्हटलं उन्हाळा आहे, जेवण जात नसेल, होईल बरी. कोणाला बोललो नाही. डॉक्टर म्हणाले, तीन महिने आधी आणलं असतं तर... आता मला पिवळं पान बघवत नाही. मला ते जमतच नाही, ठकू."

मला रडू आलं, आणि माझा राग काही जाईना. दोन्ही एकदम होतं तेव्हा माणसाने काय करावं हे मला अजून कळलेलं नाही. मी आत जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती, ती पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी संचालकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग उठून दार लावलं.

"आणखी कोणाला सांगितलंत?"

"नाही."

"मग झालं तर! अहो, अठ्ठेचाळीस चांगला आहे असं सहा वर्षं तुम्हीच म्हणताय ना? आहे ना चांगला?"

"आहे."

"मग सातव्या वर्षी तो काय बिघडणार आहे? समिती येईल, प्लॉट स्वच्छ बघेल, जेवेल, सही करेल. तुम्ही उगाच खुसपट काढू नका."

खरं सांगते, मला मोह झाला. बाहेर पडले आणि बांधावरून चालत थेट अठ्ठेचाळीसच्या ओळींपर्यंत गेले. कसा उभा होता! बिनकुसळाच्या ओंब्या एकसारख्या, जणू फुटपट्टी लावून कापलेल्या. बाबांनी त्याला औषध मारलं नव्हतं, "ते तर निरोगीच होतं, त्याला कशाला?" असं म्हणाले होते. पण त्याच्या शेजारची रोगाची ओळच धुऊन काढल्यावर त्याच्यापर्यंत रोग पोचणार कुठून? मनात म्हटलं, याने सहा वर्षं सिद्ध केलंय. एक वर्ष मी डोळे मिटले तर कोणाचं काय जाणार आहे? प्लॉट वाचेल. शेतकऱ्यांना बी मिळेल. हे सगळं मी स्वतःला समजावत होते आणि स्वतःचाच मला वैताग येत होता.

घरात दोन दिवस शुकशुकाट होता. बाबा पहाटे उठत, पण फिरायला जात नसत. पलंगाच्या कडेला टोपी घालून बसून राहत. मी ताट वाढलं की जेवत. एकदाच म्हणाले, "त्या अठ्ठेचाळीसवर समजा रोग आला असता, तर?"

"येत नाही त्याच्यावर. तेच तर त्याचं मोठेपण आहे."

"पण आला असता तर?"

"तर सात वर्षं पाण्यात. म्हणजे रोगाने रूप बदललं असा अर्थ. कधीकधी बदलतो. मग तो गहू कामाचा नाही. कृपा करून जेवा आता."

ते जेवले.

समितीच्या दिवशी पहाटे मात्र ते बाहेर गेले. मी म्हटलं, जाऊ देत, आता बिघडवायला शिल्लक काय आहे.

समितीत तिघं होते. एक सतत घड्याळ बघणारे, एक सतत बिस्किटं खाणारे, आणि अध्यक्षबाई. या बाई पंचाहत्तरीच्या, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, आणि चाळीस वर्षं तांबेऱ्याबरोबर काढलेली. संचालक सगळ्यांना बांधावरून मिरवत होते. "बघा, बघा. एक डाग दाखवा मला."

बांधाच्या टोकाला बाबा उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी हातात धरून. 

अध्यक्षबाई रस्त्याकडच्या पहिल्याच ओळीपाशी थांबल्या. वाकल्या. पान उलटं केलं, भिंग लावलं, दुसरं पान बघितलं, तिसरं. मग सरळ झाल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही ओळ बरी कोणी केली?"

संचालक म्हणाले, "म्हणजे यंदा हवामान असं..."

"मी मॅडमना विचारलं."

आता बोलायचं किंवा कायमचं गप्प बसायचं. मला वाटलं होतं मी गप्प बसेन. पण त्या बाईंनी भिंग हातात धरून विचारलं होतं, आणि त्यांच्यासमोर मला थाप मारता येईना.

"माझ्या वडिलांनी," मी म्हटलं. "ते निवृत्त माळी आहेत. मी त्यांना कधी सांगितलंच नाही मी काय करते ते. त्यांनी दर बारा दिवसांनी बुरशीनाशक मारलं. हा प्लॉट बाद आहे."

बिस्किटवाले हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. घड्याळवाले म्हणाले, "म्हणजे आम्ही इतक्या लांब आलो ते..." संचालक आकाशाकडे बघत होते. बाबा जागचे हलले नाहीत.

मग ऑफिसात एक तास खल झाला. तेवढ्या वेळात मी काय काय ऐकून घेतलं ते सांगत बसत नाही. निष्काळजीपणा, देखरेख, जबाबदारी, सगळे जड शब्द येऊन गेले. मी मान खाली घालून बसले होते, कारण ते खरंच होतं. शेवटी अध्यक्षबाईंनी माझ्या सहा वर्षांच्या वह्या मागवल्या. पान न् पान चाळलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "नोंदी चोख आहेत. या बाईंना लपवता आलं असतं, त्यांनी लपवलं नाही. अठ्ठेचाळीससाठी प्लॉट आणखी एक वर्ष ठेवावा, असं मी लिहिते. पुन्हा पेरा. आणि वडिलांना दुसरं काहीतरी काम द्या."

मला हुंदकाच फुटायचा बाकी होता. एक वर्ष! टायपिस्ट कागद यंत्रात घालू लागला, आणि मी पाणी प्यायला व्हरांड्यात आले.

बाबा खांबाला टेकून उभे होते.

"काय झालं?"

"एक वर्ष मिळालं," मी म्हटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांच्याशी नीट बोलत होते. "अठ्ठेचाळीससाठी. आता घरी जा बाबा, ऊन आहे. रात्री बोलू."

ते गेले नाहीत. शर्टाच्या खिशातून त्यांनी चार घड्या घातलेला रुमाल काढला आणि माझ्यापुढे धरला.

"हे काय?"

"पंधरा दिवसांपूर्वी तीन झाडांवर दिसलं होतं. अगदी खालच्या पानांवर, मातीजवळ, जिथे कोणी वाकून बघत नाही. तेव्हा मी तोडून टाकलं. मला काय ठाऊक! परवा तू सगळं सांगितलंस, तेव्हा मला कळलं मी काय तोडलं ते. म्हटलं, माझी नजर चुकली असेल. आज पहाटे पुन्हा जाऊन बघितलं. आता अकरा झाडं आहेत."

"कुठल्या ओळीत?"

त्यांनी रुमाल आणखी पुढे केला.

"बाबा, कुठल्या ओळीत? भेसळ असेल. दुसऱ्या वाणाचं झाड मध्ये येतं कधीकधी."

"ओंबी बघितली मी. अकराही झाडांच्या ओंब्यांना कुसळ नाही."

अख्ख्या प्लॉटमध्ये कुसळ नसलेला एकटा अठ्ठेचाळीस. आणि मग मला असा काही राग आला, की व्हरांडा आहे, आत समिती बसलीय, कसलंही भान राहिलं नाही. "आज? आज सांगताय? त्यांनी वर्ष दिलं, कागद यंत्रात चढला, आणि आत्ता? दोन दिवस माझ्यासमोर बसून जेवत होतात! तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

"नव्हतंच सांगणार," बाबा म्हणाले. "काल रात्रीपर्यंत ठरवलं होतं, नाही सांगायचं. तुझा चेहरा बघवत नव्हता. परत आपला तोच विचार केला बघ मी. होईल बरं, कशाला बोला."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"पुढच्या वर्षी तुला कळलंच असतं ना?"

"कळलं असतं. नाहीतर चाळीस शेतांत कळलं असतं."

"मग तुझं एक वर्ष वाचलं की," ते म्हणाले.

अशा वेळी हे असं बोलणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो माझा बाप आहे. मला त्यांचं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं, आणि ते म्हणत होते ते बरोबर होतं. त्याहून संतापजनक काही नसतं. आत यंत्राची टकटक चालू झाली होती. सात वर्षं. सहा वह्या. मी रुमाल घेतला. पुन्हा खिशात ठेवा, घरी जा, मी बघते, असं म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. बाबा माझ्याकडे बघत होते. मी कुठलंही उत्तर दिलं असतं तरी त्यांनी मुकाट्याने ऐकलं असतं, आणि तेच मला सहन होईना.

मी दार ढकलून आत गेले. बाबाही माझ्या मागोमाग आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"आता आणखी काय, मॅडम?" संचालक म्हणाले. त्यांचा आवाज रडकुंडीला आला होता.

"टायपिंग थांबवा," मी म्हटलं, आणि अध्यक्षबाईंच्या समोर, त्या अर्ध्या टाइप झालेल्या कागदाशेजारी, रुमाल ठेवला.  घडी ओढायला गेले तेवढ्यात मागून बाबा पुढे वाकले.

"हळू उघड," ते म्हणाले. "भुकटी उडते."

अध्यक्षबाईंनी मान वर करून एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग भिंग हातात घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली. मी रुमाल हळू उघडला.